कार्यशाळा दोन दिवसांची, सोयाबीन शंभर दिवसांचे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या भागातील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर अलीकडे एक नवी भाषा वाचावयास मिळते. वक्तृत्व स्पर्धा, स्नेहसंमेलन आणि परीक्षा अर्जाची अंतिम तारीख यांच्या जोडीला आता 'ग्रामीण कौशल्ये', 'शाश्वत जीवनशैली', 'पर्यावरणपूरक शेती' अशा विषयांवरील कार्यशाळांच्या सूचना लागतात. नांदेड असो की लातूर, कार्यशाळा बहुधा दोन दिवसांची असते. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय (हा कधी कधी भाषणापेक्षा लांबतो) आणि मग बीजभाषण. या शब्दात बी आहे खरे, पण ते जमिनीत पडलेले मी अजून पाहिलेले नाही. जेवणानंतर प्रात्यक्षिक. दुसऱ्या दिवशी आणखी दोन व्याख्याने, मनोगते, समारोप आणि प्रमाणपत्र.

या कार्यशाळांची थट्टा करावी हा माझा हेतू नाही. विषय मोलाचे आहेत. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक मुलेमुली ज्या घरांतून येतात, त्या घरांचे पोट या विषयांवर चालते. म्हणूनच त्यांच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. माझे म्हणणे असे, की शेती आणि हातचे कसब ऐकून येत नाही. त्याला एक आख्खा हंगाम लागतो, पायाखाली थोडी जमीन लागते आणि ते काम ज्याच्या बोटांत आहे असा शिकविणारा लागतो. एवढे वगळून जे उरते त्याला कार्यशाळा म्हणावे काय, हा प्रश्न मी विद्यार्थी-मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

या कार्यशाळांचा सुकाळ अकस्मात झालेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्याच्या विषयांना श्रेयांक मिळू लागले. त्यातच नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. २,४८१ कोटी रुपयांची तरतूद आणि एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोचण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. वर पैसा निघाला की खाली मांडव पडतात, ही आपल्याकडची रीत आहे. मांडव पडला याचे मला वाईट वाटत नाही. मांडवाखाली काय शिकविले जाते, ते पाहावे.

मागील सत्रात अशाच एका कार्यशाळेला मी बसले होते. प्रात्यक्षिक जीवामृताचे होते. जीवामृताची कृती आता सर्वांना पाठ आहे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती. हे एका एकराचे प्रमाण. सुभाष पाळेकर यांनी या पद्धतीचा देशभर प्रसार केला आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मार्गदर्शकांनी प्लॅस्टिकच्या टिपाडात काठी फिरवीत विचारले, "तुमच्यापैकी किती जणांच्या घरी देशी गाय आहे?" साठेक मुलांत सात हात वर झाले. बाकीची सारी शेतकऱ्यांचीच मुले होती. मार्गदर्शक हसून म्हणाले, "मग आणा." आणि पुढचा मुद्दा सुरू झाला.

मला वाटते, खरी कार्यशाळा तेथे सुरू व्हावयास हवी होती. लाल कंधारी आणि देवणी या गोवंशांची जन्मभूमी हीच. एक नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाची, दुसरी लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाची. माळेगावच्या यात्रेत ही जनावरे पाहावयास लोक लांबून येतात. मग गावातल्या दावणी रिकाम्या का? कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. आमच्याकडे ज्वारी होती तेव्हा घराला भाकरी आणि जनावराला कडबा एकाच ताटातून मिळे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सोयाबीन आले. रोख पैसा आला, हेही खरे. ज्वारीला भाव नव्हता तेव्हा शेतकऱ्याने दुसरे काय करावयाचे होते? पण सोयाबीनचा भुसा कडब्याची जागा घेत नाही. वैरण विकत घ्यावी लागू लागली, तशी बैलजोडी परवडेना. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागल्यावर बैलाचे कामही उरले नाही. दोन-तीन दुष्काळांत उरलेली जनावरे बाजारात गेली. आता त्या घरातल्या मुलीला आपण सांगतो, की दहा किलो शेण घे. पिकाची निवड, बाजारभाव, वैरण आणि शेण यांची ही साखळी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तासाभरात फळ्यावर मांडली असती, तर टिपाडातल्या काठीला काही अर्थ आला असता. आणखी एक हिशेब कोणी केला नाही. दोनशे लिटर पाणी फाल्गुनात विहिरीतून काढून एकरभर रानात न्यावयाचे कोणी? घरोघर याचे उत्तर एकच आहे आणि ते बहुधा डोक्यावर हंडा घेऊन चाललेले असते.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी हे सांगितले तेव्हा माय म्हणाली, "शिकायला धाडलं तुला, अन् तिथं बी शेणच कालवायलीस व्हय?" हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढते, ते या कामातून सुटका व्हावी म्हणून. आईबापांनी अंगठा सोडून सही शिकण्याऐवजी मुलीची फी भरली, ती तिच्या हाताला शेण लागू नये म्हणून. त्यांना 'ग्रामीण कौशल्य' हा शब्द ऐकून अभिमान वाटत नाही, फसल्यासारखे वाटते.

या बाजूचा विचार 'ग्रामीण कौशल्यां'च्या पत्रिका छापणाऱ्यांनी क्वचितच केलेला दिसतो. पत्रिकेवर सुपाचे चित्र असते, दोराचे असते, मडक्याचे असते. पण सूप बुरुडाने विणायचे, अंबाडीचा वाख काढून कासरा आणि दावे मातंगाने वळायचे, मडके कुंभाराने घडवायचे, मेलेले ढोर ओढायचे ते महाराने, अशी ही वाटणी होती. ज्याच्या घरी जन्म झाला त्याचे कसब त्याच्या मानेवर बसत असे आणि त्याचा मोबदला सुगीला खळ्यावर हात पसरून मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावरे ओढण्याचे काम सोडा असे सांगितले, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांच्या गुणगानाचा खरपूस समाचार घेतला, तो उगाच नव्हे. वाणिज्य शाखेतील एखादा शहरी मित्र दुपारभर टोपली विणून फोटो काढतो तेव्हा ती गंमत असते. ज्याच्या आजोबांनी तीच टोपली विणून पायलीभर ज्वारी मागितली, तो त्याच रांगेत बसला असेल तर त्याला काय वाटत असेल, याचाही विचार व्हावा.

म्हणून ही कौशल्ये शिकवूच नयेत, असे मात्र मी म्हणत नाही. ती सर्वांना शिकवावीत आणि त्यांचे पैसे मिळावेत, असे म्हणते. ही मागणी जुनीच आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांतून शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे असे सुचविले होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या कल्पनेवरून झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची योजना आखली. पुढे बुनियादी शाळा निघाल्या आणि हळूहळू मंदावल्या. माझ्या मते त्यांचे मोठे दुखणे हे, की ज्यांच्या हाती सत्ता आणि शेते होती त्यांनी आपली मुले तेथे घातली नाहीत. गरिबाने टकळी फिरवावी आणि श्रीमंताने इंग्रजी शिकावे, असा संशय एकदा लोकांच्या मनात शिरला की कोणतीही योजना टिकत नाही. आज कौशल्याचे श्रेयांक वाढताना भाषा, इतिहास आणि इंग्रजीचे तास घटणार असतील, तर तोच संशय पुन्हा डोके वर काढील.

या दुखण्यावरचा एक उपाय आपल्याच राज्यात करून पाहिला गेला आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून हा गृहस्थ कोरडवाहू गावात येऊन राहिला. त्यांनी माध्यमिक शाळेतील मुलांसाठी जो अभ्यासक्रम आखला, त्यात आठवड्याचा एक दिवस हाताने काम करण्याचा. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य अशी चार दालने. मुलगा असो वा मुलगी, सर्वांनी सर्व करावयाचे. शिकविणारे शक्यतो गावातलेच कारागीर. गावाला खरोखरी लागणारी वस्तू मुलांनी करून द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे. ज्या कामाला गिऱ्हाईक आहे ते नीट केल्यावाचून गत्यंतर नसते. येथे जात पुसली जाते असा दावा मी करणार नाही. पण मुलीच्या हातात वेल्डिंगची काडी आणि मुलाच्या हातात स्वयंपाकाची पळी आली, म्हणजे जन्माने काम ठरते या समजुतीला एक तरी भोक पडते.

आता हंगामाकडे वळते. १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांनी हैदोस घातला असताना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला एकाच शेतात जमत. रोपाची उंची मोजावयाची, पाने उलटून पाहावयाची, किडी किती आणि किडींना खाणारे मित्रकीटक किती ते मोजून कागदावर चित्र काढावयाचे आणि मग फवारावे की थांबावे हे त्यांनीच ठरवावयाचे. तज्ज्ञ बाजूला उभा. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. आपल्याकडेही जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाड्यातील गावांतून शेतीशाळा झाल्या. बिलोली तालुक्यात सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळ ही संस्था १९५९ पासून आहे आणि तिचे कृषी विज्ञान केंद्रही आहे. म्हणजे शेतकऱ्याला शिकवावयाचे तर शेतात आणि हंगामभर, हे शेतीखात्याला उमगले आहे. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र आपण सभागृहात बसवितो.

हंगाम का लागतो, हे एका साध्या उदाहरणाने सांगते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात विकतच्या सोयाबीन बियाण्याची उगवण झाली नाही म्हणून हजारो तक्रारी आल्या; उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी झाली त्यालाच ठाऊक. वस्तुतः सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. चांगल्या वाणाचे घरचे बी दोन-तीन वर्षे बिनदिक्कत वापरता येते. मात्र त्याचे टरफल फार नाजूक. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या वर गेले की दाणा वरून धड दिसतो आणि आतून फुटलेला असतो. पोती आदळायची नाहीत, चार-पाचांपेक्षा उंच थप्पी लावायची नाही. आणि मिरगाच्या आधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. आठवड्याभरात सत्तर किंवा अधिक मोडावले तर नेहमीच्या मापाने पेरा; त्याहून कमी तर बी वाढवा; साठाच्याही खाली गेले तर ते बी पेरू नका.

या कसबाला ना यंत्र लागते ना अनुदान. हजारो रुपयांची बियाण्याची पिशवी यामुळे वाचते आणि न उगवलेल्या रानाचे दुःखही टळते. पण हे दोन दिवसांत शिकविता येईल काय? मळणी ऑक्टोबरात, साठवण हिवाळाभर, गोणपाट मे महिन्याच्या अखेरीस, आणि खरा निकाल जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर. व्याख्यानात 'घरचे बियाणे वापरा' एवढे वाक्य येते. मळणीवाल्याला "फेरे कमी कर" असे सांगण्याची हिंमत, तो कटकट करील तेव्हा त्याच्याशी घालावयाची हुज्जत, हे शिक्षण शेतातच होते. आमच्या गल्लीत हे काम निरक्षर बाया वर्षानुवर्षे करीत आहेत. एकीलाही कधी व्यासपीठावर बसविल्याचे ऐकिवात नाही. बसविले तरी शाल आणि श्रीफळ देऊन परत पाठवतील, याची मला खात्री आहे. नारळाने दिवसाचा रोज भरून निघत नाही. साधन-व्यक्ती म्हणून आलेल्या पदवीधराला जे मानधन मिळते तेच त्या मावशीलाही मिळावे. (तासिका तत्त्वावरील आपल्या प्राध्यापकांना त्यांचेच मानधन वेळेवर मिळत नाही, तेव्हा मावशीने किती वाट पाहावी हा प्रश्न वेगळा.)

जमिनीचे काय? शिकलेले वापरण्याचा अधिकार नसेल तर शिकणे हवेत राहते, आणि बाईच्या बाबतीत हे फार खरे. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. काय पेरायचे ते तोच ठरवितो. याला तोंड फोडण्याचे काम लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरे उभारण्याच्या कामात बायांना सहभागी करून प्रेमा गोपालन यांनी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढविली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिने एक एकराचा मार्ग काढला. घरातल्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यावयाचा. त्यात डाळी, धान्य, भाज्या असे घरात खावयाचे पीक कमी पाण्यावर आणि घरच्या खतावर काढावयाचे. उरले तर विकावयाचे. आणि त्या तुकड्यावर निर्णय तिचा. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. गांडूळखताचे प्रशिक्षण तेथेही आहे, अर्काचेही आहे. पण हातात एकर असल्याने ऐकलेले दुसऱ्या दिवशी करून पाहता येते. आपल्या सभागृहात बसलेल्या मुलीला घरी जाऊन "एक वाफा माझ्याकडे द्या" एवढे म्हणता आले, तरी मी त्या कार्यशाळेला शंभरपैकी शंभर गुण देईन.

'शाश्वत जीवनशैली' या विषयावर फार लिहावेसे वाटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आले; पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. त्याच जिल्ह्यात ऊसही उभा होता. ज्या घरांनी तेव्हा आंघोळीचे पाणी भांड्याला आणि भांड्याचे पाणी झाडाला वापरले, त्यांना काटकसरीचे धडे देणे बरे दिसत नाही. तो धडा पाटाच्या पाण्यावर ऊस लावणाऱ्यांना द्यावा, आणि त्या कार्यशाळेला मी स्वयंसेवक म्हणून येईन.

मग करावे काय? आपल्या कौशल्याच्या विषयाला दोन श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास, दोन म्हणजे साठ. आठवड्याला चार तास धरले तर पंधरा आठवडे होतात, म्हणजे एकशेपाच दिवस. सोयाबीनही शंभराच्या आसपास दिवसांतच काढणीला येते. विद्यापीठाने ठरवून केलेले नसेल, पण हिशेब असा काही जुळला आहे की त्याचा उपयोग न करणे हा करंटेपणा ठरेल. हाच श्रेयांक दोन दिवसांच्या मांडवाऐवजी पंधरा शनिवारी वाटून द्यावा. दर शनिवारी चार तास. निम्मी मुले बुरूडकाम, वेल्डिंग किंवा पंपदुरुस्ती शिकतील, निम्मी वाफ्यावर असतील आणि महिन्याने गट बदलतील. मोजमापाची वही ठेवावी आणि गुण त्या वहीला द्यावेत. मराठी विभागाने त्या वहीतून सूप, पाभर, दावण यांच्या भागांची नावे गोळा केली, तर गावातल्या गावात विसरले जाणारे कितीतरी शब्द कागदावर येतील.

यावर आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. सोयाबीनची काढणी आणि सत्र परीक्षेची तयारी एकाच वेळी येते. पण ती आजही येतेच. सप्टेंबरच्या अखेरीपासून वर्गातील मागचे बाक रिकामे असतात, कारण ती मुले दुसऱ्याच्या रानात रोजाने काढणीला गेलेली असतात. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरसारखी अतिवृष्टी झाली तर सारे पीक पाण्याखाली जाईल, असाही आक्षेप घेतला जाईल. जाईल, आणि मग मुखेड तालुक्यातील मुलांच्या घरी काय झाले ते बाकीच्यांना निदान एका वाफ्यापुरते तरी कळेल. रुंद सरी-वरंब्यावर पेरले तर जादा पाणी सरीतून निघून जाते म्हणतात. एका बाजूला तसे आणि दुसऱ्या बाजूला सपाट पेरून पाहता येईल. जागा नाही, हा तिसरा आक्षेप. ग्रंथालयामागे सायकल स्टँडपासून कुंपणापर्यंतची पडीक जमीन आम्ही तिघींनी पावलांनी मोजली. दगड वेचले तर दीड गुंठा सहज निघतो. पेरणीला चांगला पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो, तोवर दगड वेचून होतील. दीड गुंठ्याला किलोभर बी पुरते. ते मी घरून आणते; गोणपाटावर शंभरातले एक्क्याऐंशी मोडावले आहेत.